बघायचा राहिलेला पाय

कांबळे आप्पांनी माझं स्वागत केलं ते माझं कोपर धरून.

मी निपाणीच्या कुष्ठरोग युनिटात आरोग्य शिक्षक म्हणून हजर व्हायला आलो होतो. शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना चप्प तेल, बगलेत नेमणुकीचा कागद आणि डोक्यात हौशी नाटकांतून मिळवलेल्या टाळ्या. ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर पन्नाशीचा एक सावळा, हडकुळा माणूस पाय लांब सोडून बसला होता, नुकताच डोंगर उतरून आल्यासारखा. वास्तविक सकाळचे दहा वाजले होते आणि तो घरून आला होता. मी हात पुढं केला. त्यानं तो घेतला, पण सोडेना. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं माझ्या दंडावरून घसरत कोपरामागच्या खोबणीत गेली, तिथं काहीतरी चाचपून थांबली आणि हलकेच घरंगळली. माझ्या करंगळीपर्यंत मुंग्यांची अशी रांग सुटली की नेमणुकीचा कागद खाली पडला.

"दोरा हाय," तो माणूस स्वतःशीच म्हणाला. "चांगलं हाय. दुसरा हात आण."

दुसऱ्या हातातही दोराच निघाला. मग त्यानं कागद उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हं. आता नाव सांग."

आपल्या कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या खोबणीतून, एक मज्जातंतू जातो. कोपर कुठं आपटलं की झिणझिण्या आणणारा तोच. बाकीचे मज्जातंतू मांसाखाली सुखात पडलेले असतात, हा बिचारा तिथं कातडीला लागून उघड्यावर येतो. महारोगाच्या जंतूला अशा थंड, उघड्या जागा आवडतात. तो तिथं घर करतो, तंतू सुजतो, जाड होतो, मग हाताला ऊन-गार कळेनासं होतं, मग स्पर्श, मग वेदना. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, घोट्यामागं, मानेवर अशा आणखी काही उघड्या जागा आहेत. त्या बोटांनी चाचपायच्या, कापसाचा बोळा फिरवून 'कुठं लागलं, डोळं मिटून दाव' म्हणायचं, हेच आप्पांचं काम. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी पंधराएक वर्षं तेच केलं होतं. मापंही त्यांचीच : दोरा, सुतळी, कासरा. दोरा म्हणजे निरोगी. सुतळी म्हणजे महिन्याभरात परत बघायचं. कासरा म्हणजे नाव रजिस्टरात आणि पांढऱ्या गोळ्या सुरू.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कुणी रामराम घातला की ते खुळ्यासारखे बघत राहायचे, मग त्याचं कोपर धरायचे आणि एकदम उजळायचे. "हां, उजवा कासरा, डावा सुतळी. अकोळचा की रं तू. म्हस व्याली का?" नाव शेवटपर्यंत आठवायचं नाही, म्हैस मात्र आठवायची.

बाप गावकीची कामं करून गेलेला, आप्पा मॅट्रिक होऊन सरकारी नोकरीत आलेले. एकदा एका पाटलाच्या सोप्यावर पाटलाचा पाय मांडीवर घेऊन ते बसले होते. बाहेर पडल्यावर मी त्यांच्याकडं बघून हसलो. ते हसले नाहीत. सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले, "माझ्या बापाची सावली चालत नव्हती ह्या दारात. मला सरकारनं शिवायचा पगार दिलाय." आणि दमल्यासारखे सायकलवर चढले.

दमणं हा त्यांचा स्थायीभाव होता. कुठल्याही गावात पाऊल टाकलं की आधी ते कट्टा शोधायचे. बसायचे, उच्छ्वास सोडायचे, "दमलो रं," म्हणायचे आणि मग दोनशे माणसं तपासायचे. मी एकदा बेळगावहून ट्रेनिंगचं पुस्तक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की स्नायू दमतो, मज्जातंतू सहसा दमत नाही. दिवसभर निरोप नेले तरी तो तसाच ताजा असतो. मी हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"दमत न्हाय म्हणतोय?"

"नाही म्हणतोय."

"मग माझ्यात हायत का न्हाईत ते तपासाय पायजे," म्हणाले, आणि स्वतःचं कोपर चाचपून बघितलं.

माझं काम व्याख्यानाचं. चावडीसमोर मी कातडी काढलेल्या माणसाचा चार्ट टांगायचो. त्याच्या अंगभर पिवळे मज्जातंतू पसरलेले होते म्हणून गावकऱ्यांनी त्याचं नाव 'पिवळा पाटील' ठेवलं होतं. चार्टवरची अक्षरं कानडी, ऐकणारे मराठी, म्हणून मी आपली युक्ती काढली. शेतातून तंबाखूचं एक झाड मुळासकट उपटून आणायचं आणि सगळ्यांसमोर उलटं धरायचं. मुळांचा गड्डा म्हणजे मेंदू, दांडा म्हणजे पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू, पानांतल्या शिरा म्हणजे हातापायांत पसरलेले तंतू. निपाणीच्या माणसाला तंबाखूच्या पानाची शीर कळते तशी दुसऱ्या कुणाला कळत नाही. लोक माना डोलवायचे, मी फुलायचो, आवाज चढवायचो. मागं कट्ट्यावर बसलेले आप्पा तेवढ्यात खालच्या आवाजात सगळं नाटक पाडायचे.

"झाडात पाणी एका वाटेनं वर जातं," ते म्हणायचे. "हितं दोन वाटा हायत. पायात काटा रुतला ही बातमी वर जाती. पाय उचल हा हुकूम खाली येतो. बातमीच्या तारा येगळ्या, हुकमाच्या येगळ्या, पण एकाच दोऱ्यात वळलेल्या. रोग दोऱ्याला लागला की बातमी बी जाती आन् हुकूम बी. पायाला चटका बसलेला कळत न्हाय, आन् कळलं तरी पाय उचलत न्हाय."

मग कुणीतरी विचारायचं, की निखाऱ्यावर पाय पडला तर आपण विचार करायच्या आधीच उचलतो, ते कसं.

"ते बेळगावला जात न्हाय. मेंदू म्हंजे जिल्ह्याचं बेळगाव, पाठीचा कणा म्हंजे तालुक्याची चिकोडी, पाय म्हंजे आपली निपाणी. एवढी घाई असली की चिकोडीतच निकाल लागतो. बेळगावला नुसतं मागनं कळवत्यात, असं असं झालं म्हणून."

लोक खदखदून हसायचे, कारण बेळगावला गेलेला कागद किती दिवसांनी परत येतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एका म्हाताऱ्यानं चार्टवर काठी ठेवून विचारलं की ह्यात आत्मा कुठं आहे. मी घसा खाकरून काहीतरी तात्त्विक सुरू करणार होतो. आप्पा म्हणाले, "त्यो मोठ्या दवाखान्यात. आमच्या युनिटात न्हाय."

त्यांच्या बोटांचा दरारा काय होता हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. एकदा एका तालमीच्या दारात आम्ही चहा पीत होतो. तिथला एक नामांकित पैलवान हात मिळवायला आला. आप्पांनी सवयीनं कोपर धरलं आणि चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या अंगावर एक चट्टा नव्हता, शंभर माणसांत उठून दिसावी अशी कांती. आप्पांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि तळहाताच्या कडेवर, करंगळीच्या बाजूला, बॉलपेनचं टोक चार वेळा टेकवलं. गडी तीन वेळा गप्प राहिला. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी कानाच्या पाळीचा नमुना काचेवर घेतला, रंग टाकला, सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि आप्पांच्या पुढ्यात ती काच ठेवली. जंतू होते. गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि त्या पैलवानाचा हात वाकडा झाला नाही. त्यानंतर डॉक्टरांनी आप्पांचं निदान तपासून बघणं सोडून दिलं. आप्पा म्हणाले ते डॉक्टरांनी लिहायचं, असा रिवाज पडला. तो रिवाज पडायला नको होता.

आता शेवंता.

निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत. तिथं बायका दिवसभर उकिडव्या बसून तंबाखू चाळतात, निवडतात. त्यांच्याच एका गल्लीत आमची घरोघर तपासणी चालली होती. ऊन कलतं झालं होतं. कातडीवरचा चट्टा ओळखायला ऊन लागतं, म्हणून आप्पांना घाई होती. सकाळपासून ते दीडेकशे माणसांपुढं बसले-उठले होते. गल्लीच्या टोकाला मी पिवळ्या पाटलाची गुंडाळी करत होतो, तेवढ्यात एक चोविसेक वर्षांची हडकुळी बाई वखारीतून येताना दिसली. आधी दिसली नाही, ऐकू आली. तिचा डावा पाय जमिनीवर आपटत होता. गुडघा उंच उचलायची आणि पाऊल चापट मारल्यासारखं खाली पडायचं.

आप्पा ताठ झाले. हे चालणं ते झोपेतही ओळखत. गुडघ्याखाली, बाहेरच्या हाडाच्या डोक्याला वळसा घालून जो तंतू जातो तो मेला की पाऊल वर उचलत नाही. त्यांनी तिला दारात बसवलं. सासू पारूआक्का शेजारी उभी राहिली, दंडावर पदर घट्ट ओढून. शेवंतानं डाव्या पायावरचं पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतलं. आप्पांनी तंतू चाचपला, तो जाड लागला. कापूस फिरवला, नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या अंगाला तिला काही कळेना. आप्पा म्हणाले, दुसरा पाय. पारूआक्का म्हणाली, पुरं झालं आता, बाईमाणूस हाय, सगळी गल्ली बघाय लागलीया. शेवंतानं पातळ खाली ओढलं.

एरवी आप्पा हटले नसते. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांनीच नव्या माणसांना शिकवलं होतं. हडकुळ्या माणसाचा निरोगी तंतूही बोटाला जाड लागतो. तो जाड आहे की नाही हे दुसऱ्या बाजूशी ताडूनच कळतं. पण ऊन गेलं होतं, अजून चार घरं राहिली होती, आणि ते दमले होते. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. वहीत लिहिलं : डावा, कासरा.

डॉक्टरांनी ते रजिस्टरात उतरवलं.

महारोग रजिस्टरात उतरला की गल्लीत उतरायला वेळ लागत नाही. दर महिन्याला आप्पांची सायकल शेवंताच्या दाराशी थांबायला लागली, आणि ती सायकल का थांबते हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या महिन्यात वखारीच्या मुकादमानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या महिन्यात तिचं ताट वेगळं झालं. मग नवऱ्यानं, चांगला होता पण आईपुढं त्याची जीभ उचलत नसे, तिला गाडीत बसवून माहेरी सोडलं. माहेर नंदगडच्या पलीकडं, गुंजी स्टेशनावर उतरून चालत जायचं असं. तीन वर्षांची मुलगी मात्र सासूनं ठेवून घेतली. आईजवळ राहिली तर तिलाही होईल म्हणून.

आप्पा पारूआक्काला समजवायला दोनदा गेले. रोग असा लागत नाही, गोळ्या चालू आहेत, वगैरे. पारूआक्कानं दोन्ही वेळा त्यांना ओसरीवर बसवून चहा दिला आणि ऐकलं काहीच नाही.

गुंजीचा भाग आमच्याकडं नव्हता. तिकडच्या माणसानं गोळ्या पोचवायच्या, पण दोन महिने पोचल्या नाहीत असं कळलं. आप्पांनी एका रविवारी मला उठवलं. "चल नाटक्या. एकट्याला कंटाळा येतो." एसटीनं बेळगाव, तिथून खानापूरवरून पॅसेंजर. गुंजीला उतरलो तेव्हा अंगावर बारीक पाऊस आणि दोन्ही बाजूंनी झाडी. आप्पा फलाटावरच्या बाकावर बसले, "दमलो रं," म्हणाले, आणि मग आम्ही चालायला लागलो.

शेवंता अंगणात होती. कमरेवर घागर घेऊन विहिरीकडून येत होती. आप्पांनी माझा दंड धरला. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी तो दाबला. ते ऐकत होते. मीही ऐकलं. ओल्या फरशीवर तिची पावलं एकसारखी पडत होती.

"घागर ठेव," ते म्हणाले. "आता टाचंवर चाल. बोटं वर."

ती लाजली, पण चालली. दोन्ही पावलं वर, टाचांवर, पार तुळशीपर्यंत.

तिच्या आईला त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि ह्या वेळी दोन्ही पाय बघितले. डाव्या गुडघ्याखाली बोटं घरंगळली. उजव्या गुडघ्याखाली घरंगळली. परत डावा. परत उजवा. मग कापूस. शेवंता डोळे मिटून दर वेळी बरोबर जागेवर बोट ठेवत होती. मला वाटलं, गोळ्यांनी गुण आला, आता हे खूश होतील. आप्पांनी कापूस खाली ठेवला.

"सारखं हाय," ते म्हणाले. "दोन्ही सारखंच हाय. तुझ्या अंगावर मांसच न्हाय गं, म्हणून लागतंय बोटाला. वखारीत जाणं कवा बंद झालं तुझं?"

"चार-साडेचार महिनं झालं."

आप्पांनी तिच्या गुडघ्याखालच्या हाडापासून नडगीच्या स्नायूपर्यंत बोटाची पेरं टेकवत मोजलं. चार भरली. तंतू चेपून आतून तुटला तर वरून खाली परत वाढत येतो, दिवसाला तिळाच्या जाडीएवढा, महिन्याला एक पेर. चार पेरं, चार महिने. महारोगानं मेलेला पाय असा आपोआप उठून चालत नाही. तिचा तंतू रोगानं गेलाच नव्हता. दिवसच्या दिवस उकिडवं बसून तो हाडावर चेपला होता, आणि बसणं बंद झाल्यावर आपल्या गतीनं परत आला होता.

"शेवंता, तुला महारोग न्हाय," आप्पा म्हणाले. "कवाच नव्हता. चूक माझी हाय. मी दुसरा पाय बघितला न्हाय."

मला अपेक्षा होती की ती रडेल, निदान आई तरी शिव्या देईल. शेवंतानं पातळ घोट्यापर्यंत नीट ओढून घेतलं. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपेग? माझ्या सासूला कोण सांगणार?"

परतीच्या गाडीत आप्पा खिडकीशी बसले होते. बेळगाव येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, तेही मला नाही. "त्या दिवशी चार घरं ऱ्हायली असती तर काय झालं असतं."

सोमवारी ते डॉक्टरांपुढं उभे राहिले. डॉक्टर धारवाडकडचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोपा मार्ग काढला : उपचार पूर्ण, रोगमुक्त, असं लिहून टाका. सुनेचं काम होईल, युनिटाचं नाव होईल.

"रोग गेला न्हाय सायेब," आप्पा म्हणाले. "रोग नव्हताच. बरी झाली म्हणून लिहिलं तर हुता असं हुतंय. गल्लीत बऱ्या झालेलीला कोण घरात घेत न्हाय."

डॉक्टर म्हणाले की कांबळे, सुपरवायझरच्या जागेसाठी तुमचं नाव पुढच्या आठवड्यात बेळगावला जातंय, आता चुकीचं निदान म्हणून लिहिलंत तर चौकशी लागेल, तुमची आणि माझीही. आप्पांनी मान हलवली, म्हणजे कळलं. मग खुर्ची ओढून बसले आणि रजिस्टर जवळ घेतलं. त्यात सगळं कानडीत आणि इंग्रजीत लिहिलेलं असे. आप्पांनी त्या पानावर मराठीत लिहिलं : निदान चुकीचे. दुसरा पाय तपासला नाही. या बाईस रोग नव्हता व नाही. खाली सही. ते पान मी नंतर चोरून दोनदा बघितलं. अक्षर शाळेतल्यासारखं वळणदार होतं.

पण पारूआक्का काही रजिस्टर वाचायला येणार नव्हती. तिनं दारातूनच ऐकवलं, आधी म्हणालासा हाय, आता म्हणतासा न्हाय, उद्या परत हाय म्हणशीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, वखारी सुरू व्हायच्या वेळेला, आप्पा तिच्या ओसरीसमोर गल्लीत जाऊन उकिडवे बसले. मी पिवळा पाटील घेऊन गेलो होतो. त्यांनी तो गुंडाळून ठेवायला लावला. "आज व्याख्यान नको. गप बस."

गल्ली जमली. कुणीतरी विचारलं, उपोषण हाय काय. आप्पा म्हणाले, न्हाय, वखारीत कामाला लागलोय. पारूआक्का ओसरीवर सूप घेऊन बसली होती, तांदूळ निवडत, न बघण्याची शिकस्त करत. तासभर गेला. आप्पांच्या कपाळावर घाम आला. पारूआक्काची नजर दोनदा त्यांच्याकडं जाऊन परत आली. तिसऱ्यांदा सूप खाली ठेवलं.

"असं न्हाय बसत वखारीत," ती म्हणाली. "ढुंगान वर हाय तुमचं. गुडघं छातीला लागाय पायजेत."

आप्पांनी गुडघे छातीला लावले.

"आन् डावा पाय फुडं. चाळण उजवीकडं हलती, भार समदा डाव्यावर येतो." आप्पांना ते जमेना. पारूआक्कानं तीस वर्षं तंबाखू चाळली होती. चुकीची बसकण तिला बघवेना. शेवटी ती ओसरी उतरली आणि त्यांच्यासमोर बसून दाखवलं. क्षणात घडी घातल्यासारखी बसली.

"हे असं किती वेळ?" आप्पांनी विचारलं.

"मधल्या सुट्टीची घंटा हुईस्तवर. परत दिवस बुडंस्तवर."

"पायाला मुंग्या?"

"येत्यात की. मग बधिर हुतो. मग काय कळत न्हाय, तवा जरा बरं वाटतंय."

"आन् उठल्यावर?"

 तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गुडघ्याखाली गेला होता. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या पुढं सरकल्या. त्याही वखारीतल्याच.

"माझा बी आपटत हुता," पारूआक्का हळूच म्हणाली. "थोरला पोटात हुता त्या सुगीला. सासू म्हणायची, नाटकं करती. पाऊसकाळात घरी बसले, मग गेलं."

"मग तुमाला महारोग हुता का?"

 ती उठून आत गेली. आप्पा मात्र उठले नाहीत. मी खुणावलं, झालं की काम, उठा. ते म्हणाले, "घंटा कुठं झाली?" आणि एक वाजेपर्यंत बसून राहिले. घंटा झाल्यावर त्यांना उठता येईना. मी एका बगलेत हात घातला. दुसऱ्या बगलेत कुणी घातला म्हणून बघितलं तर पारूआक्का. आप्पांनी डावा पाय पुढं टाकला आणि पाऊल चापट मारल्यासारखं जमिनीवर पडलं.



"सुनेला आणा," पारूआक्का म्हणाली. "पर तुमी सोता आणा. आन् म्होरच्या गल्लीनं आणा. मागच्या बोळातनं न्हाय."

तसंच आणलं. वखारींची सुट्टी होऊन बायका दारांत बसल्या होत्या त्या वेळेला. पुढं शेवंता, डोक्यावर पदर, दोन्ही पावलं सरळ टाकत. मागं दहा पावलांवर आप्पा, पाय आपटत. तिच्याकडं कुणी बघितलंच नाही, सगळे आप्पांच्या पायाकडं बघत होते. घराच्या दारात मुलगी उभी होती. तिनं आईला ओळखायला थोडा वेळ घेतला. तेवढा वेळ आप्पा मान फिरवून समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

सुपरवायझरची जागा दुसऱ्याला मिळाली. चौकशीही झाली, ताकीदही मिळाली. आप्पांच्या पायाचं चार महिन्यांत ठीक होईल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. महिन्याला एक पेर. ते दर पहिल्या तारखेला नडगीवर बोट टेकवून बघायचे आणि मला म्हणायचे, हितवर आलंय. पण चोविशीतल्या बाईचा तंतू वेगळा आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाचा वेगळा. तो तीन पेरं आला आणि थांबला. डाव्या चपलेचा पुढचा भाग कायम झिजायचा.

पुढं तीन औषधांचा नवा उपचार आला, वर्षानुवर्षं चाललेल्या गोळ्या काही महिन्यांवर आल्या, रजिस्टरं बारीक व्हायला लागली. माझी बेळगावला बदली झाली. आप्पा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करा म्हणून आग्रह झाला तेव्हा ते उभे राहिले, म्हणाले, "लई दमलो," आणि खाली बसले. लोकांना तो विनोद वाटला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते मला चिकोडीच्या बसस्टँडवर भेटले. हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत कापूस. मी विचारलं, आता कशाला. तर म्हणाले, दिवस कलल्यावर तपासलेली माणसं आठवतात तेवढी बघून येतोय. ज्या बायकांनी एकच पाय दाखवला होता, ज्या ठिकाणी घाई झाली होती, ती घरं. सरकारी काम नव्हे, सायकल नाही, आपल्या खर्चानं. मी विचारलं, किती सापडल्या शेवंतासारख्या.

"एक बी न्हाय," ते म्हणाले. "आतापतोर बघितली त्या समद्यास्नी रोग हुताच. माझं बरोबर हुतं."

"मग चांगलंच की आप्पा. आता घरी बसा."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "दार वाजवताना वाटतंय, चुकलेला असू दे मी. बाईला काय नसू दे. मग बोटं लावतो आन् कासरा लागतो. बरोबर निघालो तर वाईट वाटतंय, चूक निघालो तर बी वाटणार हाय. काय करू सांग."

 मी, आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतलेला माणूस, त्यांची पिशवी खांद्याला अडकवून त्यांच्याबरोबर गाडीत चढलो. गोकाक रस्त्याच्या एका फाट्यावर आम्ही उतरलो, तिथून दोन शेतं ओलांडून घर. दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं की बाई मळ्यात भांगलायला गेली आहे, येईल दिवस बुडताना. आप्पांनी डावा पाय हातानं उचलून सरळ केला आणि पायरीवर बसले.

"तू जा. तुझी गाडी चुकंल."

मी म्हणालो, थांबतो. ते म्हणाले, दोघांनी बसून काय करायचं. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली आणि निघालो. बांधावरून मागं वळून बघितलं. शेजारणीनं दिलेला तांब्या रिकामा करून त्यांनी पायरीच्या कडेला नीट ठेवला होता आणि दाराला पाठ टेकली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, तोंड थोडं उघडं होतं. मळ्यातून येणाऱ्या बाईला त्यांना आधी जागं करावं लागणार होतं.